गॅलरीतला मळा : लेट्यूस बारा महिने

मागच्या अंकात मुलुंडच्या आमच्या गॅलरीतल्या लेट्यूसबद्दल मी चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर इतकी पत्रं आली की हा सगळा अंकच त्यांना द्यावा लागतो आहे. बहुतेकांचं विचारणं एकच आहे, की मुंबईच्या हवेत हे वर्षभर मिळेल का? माझं बारा वर्षांच्या अनुभवावरचं उत्तर असं : पानं जवळजवळ वर्षभर मिळतात, पण दर ऋतूत ती वेगळ्या वयाची कापावी लागतात. थंडीत झाड भरू द्यायचं, पावसाळ्यात कोवळं असतानाच कापायचं आणि एप्रिल-मेमध्ये बोटभर झालं की थांबायचंच नाही. जे निराश होतात, ते मे महिन्यात जानेवारीचं झाड मागत असतात.

माझं माहेर अलिबागजवळचं. भात निघालं की वडील त्याच जमिनीत पांढरा कांदा लावायचे. लेट्यूस त्यांनी आयुष्यात पाहिलं नाही, पण या पिकाशी कसं वागावं हे मी त्यांच्या कांद्याच्या वाफ्यातच शिकले. ते पुढे येईलच.

प्रश्न : ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बी पेरलं. पाकिटावर सात दिवसांत उगवेल असं लिहिलंय. वीस दिवस झाले, एकही कोंब नाही. बियाणं खोटं असेल का? (एक वाचक, कांदिवली)

दादा, बियाणं बहुधा चांगलं आहे, ते झोपलंय. मीही पहिल्या वर्षी हाच निष्कर्ष काढून दुकानदाराला नको ते बोलून आले होते. त्याची चूक नव्हती. पुढच्या वर्षी जाऊन त्यांची माफी मागितली.

लेट्यूसचं बी गरम मातीत उगवत नाही. माती 15 ते 22 अंशांच्या आसपास असेल तर भराभर कोंब येतात. 28-30 अंशांच्या पुढे बहुतेक जातींचं बी पाणी पितं, फुगतं आणि तसंच गप्प बसतं. याचे रानटी पूर्वज कोरड्या, कडक उन्हाळ्याच्या प्रदेशातले. थंडी-पावसात उगवायचं आणि उन्हाळ्याआधी बी धरून मोकळं व्हायचं, हा त्यांचा क्रम. गरम मातीत उगवलेलं रोप तिथे जगलंच नसतं, म्हणून बी थांबून राहतं. आपला ऑक्टोबर म्हणजे दुपारी 33-34 अंश. त्यात काळी प्लास्टिकची कुंडी असेल तर विचारूच नका.

यावर उपाय घरातच आहे. झाकणाच्या डबीत टिश्यू पेपर किंवा मलमलचा तुकडा ओला करून अंथरा. पाणी साचलेलं नको, नुसता ओलावा हवा. त्यावर बी विखरून डबी फ्रिजच्या खालच्या, भाजीच्या खणात दोन-तीन दिवस ठेवा. मग बाहेर काढून स्वयंपाकघरात उजेडात ठेवा, उन्हात नाही. दुसऱ्या दिवशी चष्मा लावून बघा. जिऱ्यापेक्षाही बारीक अशा त्या बियांच्या एका टोकाला पांढरा ठिपका दिसतो. संध्याकाळपर्यंत तो रव्याच्या कणाएवढा होतो आणि तीच मुळी. ती दोन-तीन मिलीमीटर झाली की ओल्या दातकोरणीच्या टोकाने एकेक बी उचलून ट्रेमध्ये ठेवा. चिमटीत धरू नका, मुळी मोडते. हे काम सूर्य मावळल्यावर करा, म्हणजे पहिली रात्र तरी गारव्यात जाईल.

दुसरी चूक खोल पेरण्याची. मेथी-कोथिंबिरीच्या सवयीने आपण बी मातीत गाडतो. लेट्यूसच्या पुष्कळ जातींना उगवायला उजेड लागतो. अमेरिकी शेतीखात्याच्या बेल्ट्सव्हिल इथल्या शास्त्रज्ञांनी 1952 मध्ये याच बियांवर एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. ओल्या बियांवर लाल प्रकाश टाकला की त्या उगवत. त्यानंतर दूरलाल, म्हणजे लालच्याही पलीकडचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा प्रकाश टाकला की उगवेनात. पुन्हा लाल टाकला की पुन्हा उगवत. कितीही वेळा आलटून पालटून केलं तरी शेवटचा प्रकाश कोणता होता, त्याप्रमाणे बी वागे. दाट पानांखाली पोचतो तो उजेड मुख्यतः दूरलाल असतो. म्हणजे डोक्यावर दुसरी झाडं आहेत की मोकळं आभाळ, हे या कणभर बीला कळतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री झोप आली नव्हती. तेव्हा बीवर माती लोटू नका, चाळलेलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, चिमूटभर भुरभुरवा, बस्स.

प्रश्न : फेब्रुवारीपर्यंत सुंदर पानं मिळाली. होळीच्या सुमारास झाडं एकदम उंच झाली आणि पानं कडूजहर. खत कमी पडलं का? (एक वाचक, चेंबूर)

नाही, ताई. कांद्याला डेंगळे, म्हणजे फुलाचे दांडे येतात, तसंच हे आहे. वडील डेंगळा दिसला की म्हणायचे, "आता हा आपला नाही, बियाचा." मधून दांडा वर निघाला, पानं लांबट आणि टोकदार दिसू लागली, म्हणजे झाड फुलावर निघालं. ऊन तापलं, रात्री गरम झाल्या आणि दिवस मोठा होत गेला की हे होणारच. मुंबईत डिसेंबरचा दिवस साधारण 11 तासांचा असतो, जूनचा सव्वातेरा तासांचा. पान मोडलं की जो पांढरा चीक येतो, तो या काळात वाढतो आणि कडूपणा त्यातलाच. खत घालून तो जात नाही, उलट जास्त नत्राने पानं आणखी लुसलुशीत होऊन त्यांवर मावा ही कीड पडते.

माझं निरीक्षण असं, की दुपारच्या उन्हापेक्षा रात्रीचा उकाडा लेट्यूसला जास्त छळतो. जानेवारीत पहाटे 17-18 अंश असतं, तेव्हा दुपारी 31 झालं तरी झाड ते सोसतं. मे महिन्यात रात्रीही 26-27 च्या खाली उतरत नाही. झाडाला विसावाच नाही.

म्हणून मी एकदाच भरपूर पेरत नाही. नवरात्रात पहिली डबी फ्रिजमध्ये जाते, कोजागरीनंतर रोपं बाहेर येतात आणि तिथून पुढे दर पौर्णिमेला आणि अमावस्येला थोडं थोडं पेरते. चंद्राचा त्याशी काही संबंध नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दोन तिथी पटकन दिसतात आणि मध्ये साधारण पंधरा दिवस जातात, एवढंच. चार माणसांच्या घराला एका वेळी दहा-बारा रोपं पुरे. फाल्गुनात पेरलेली रोपं मोठी करायचीच नाहीत, महिन्याच्या आत कापून खायची.

जातीही बघून घ्या. सुट्या पानांच्या जाती, म्हणजे ग्रँड रॅपिड्स, ओकलीफ, लोलो रोसो, इथे सोप्या. बटाव्हिया प्रकार उन्हाला जरा जास्त टिकतो, तो मी जानेवारीनंतर लावते. आईसबर्गबद्दल सात पत्रं आहेत, सगळ्यांना एकत्रच सांगते : सँडविचवाल्याकडे दिसतो तसा घट्ट गड्डा मुंबईच्या गॅलरीत धरण्याची आशा सोडा. त्याला लागणाऱ्या लांबलचक गार रात्री आपल्याकडे नाहीत. तो भायखळ्याच्या मंडईतून आणा.

प्रश्न : आमची गिरगावातली चाळ, गॅलरी उत्तरेला. ऊन येतच नाही. आशा आहे का? (एक वाचक)

या पत्रात तुम्ही गॅलरीची दिशा लिहिलीत, याबद्दल मनापासून आभार. बाकी कुणीच लिहिली नाही आणि सगळं त्यावरच अवलंबून असतं.

मुंबई कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, कारण त्या दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. या दोन दिवसांच्या मधल्या काळात तो भर दुपारी किंचित उत्तरेला असतो. उरलेलं वर्ष दक्षिणेला. डिसेंबरात तर इतका कलतो की दुपारचं ऊन दक्षिणेच्या गॅलरीत थेट आतल्या लादीपर्यंत येतं. मे महिन्यात त्याच गॅलरीला वरच्या मजल्याच्या स्लॅबची सावली मिळते. थंडीत ऊन, उन्हाळ्यात सावली. दक्षिणेची गॅलरी ज्यांच्याकडे आहे त्यांनी दुसरा विचार न करता लेट्यूस लावावं. पूर्वेचीही छान, सकाळचं चार तास ऊन पुरतं. पश्चिमेच्या गॅलरीला संध्याकाळचा तडाखा बसतो, तिथे जानेवारी संपताच 50 टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी बांधा.

तुमचं उलट आहे. उत्तरेला तिरपं ऊन येतं ते उन्हाळ्यात, सकाळ-संध्याकाळ. आणि लेट्यूसच्या खऱ्या हंगामात काहीच नाही. तिथे पूर्ण झाडाचा हट्ट धरू नका. कठड्याजवळ, जिथून जास्तीत जास्त आभाळ दिसतं तिथे उथळ ट्रे ठेवा, मागच्या भिंतीला पांढरा चुना द्या आणि चार-पाच आठवड्यांची कोवळी पानं कापा. पानं पातळ आणि फिकट येतील, चव चांगली असेल. चाळीच्या गच्चीवर एक खोकं ठेवायला परवानगी मिळाली तर ती जरूर घ्या.

प्रश्न : कुंडी केवढी हवी? ग्रिलला वजन झेपेल का? (तीन-चार वाचक)

मुळं वरवरच असतात, सहा-सात इंच खोली पुष्कळ झाली. ग्रिलमध्ये मातीच्या जड कुंड्यांची रांग लावू नका. ओली माती किती जड होते याचा अंदाज आपल्याला नसतो आणि खाली माणसं चालत असतात.

मी थर्माकोलची मासळीची खोकी वापरते. आमच्या बाजारातल्या कोळीण मावशी बर्फाचं खोकं चिरलं की माझ्यासाठी बाजूला ठेवतात. घरी आणून सोड्याच्या गरम पाण्याने दोनदा घासायचं, दोन दिवस कडक उन्हात उपडं घालायचं, वास जातो. तळाला पेचकसाने आठ-दहा भोकं पाडायची. बर्फ वितळू नये म्हणून केलेलं खोकं मुळं तापू देत नाही, हा त्याचा खरा उपयोग. एप्रिलच्या दुपारी काळ्या पिशवीच्या कडेच्या मातीत बोट घातलं तर चटका बसतो, शेजारच्याच खोक्यात माती कोमट लागते. खोक्याखाली ताट ठेवा, खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर मातीचं पाणी गेलं की वर्षभराचं शेजारपण नासतं.

मिश्रण : दोन भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग लाल माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट दोन-तीन पाण्यांनी धुवाच, त्यात क्षार असतात. आणि ही पानं आपण कच्ची खातो, तेव्हा ताजं शेण, शेणपाणी अजिबात नको.

प्रश्न : एसीचं पाणी घातलं तर चालेल? (एक वाचक, पवई)

शोभेच्या झाडांना खुशाल घाला. कच्च्या खायच्या पानांना मी घालत नाही. ते पाणी धुळीने भरलेल्या यंत्रातून, कॉइलवरून येतं. नळाचं पाणी सकाळी घाला, पानांवर न ओतता मुळाशी.

प्रश्न : मधल्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी होऊन जळतात. चुन्याची निवळी घातली, फरक नाही. (एक वाचक, ठाकुर्ली)

कॅल्शियम कमी पडतंय हे तुमचं निदान बरोबर आहे. पण ते मातीत असूनही पानाच्या टोकापर्यंत पोचत नाही. पानातून वाफ बाहेर पडते तेव्हा मुळांकडून पाणी वर चढतं आणि कॅल्शियम त्याच्याबरोबरच जातं. हवा दमट आणि कोंदट असली की आतल्या मिटलेल्या पानांपर्यंत ते पाणी जातच नाही. निवळी थांबवा. दिवसातून काही तास छोटा पंखा हळू लावा, झाडांमध्ये वीतभर अंतर ठेवा आणि माती एकदा खडखडीत, एकदा चिखल असं होऊ देऊ नका.

प्रश्न : जुलैत रोपं दोन पानांची झाली आणि एका रात्रीत आडवी पडली. (एक वाचक, भांडुप)

वाचताना वाईट वाटलं, कारण हे मी पाहिलंय. संध्याकाळी साठ रोपं उभी होती, सकाळी सगळी झोपलेली. पानं हिरवीगार, टवटवीत. वाकून बघितलं तर मातीला टेकतो तिथे देठ दोऱ्यासारखा बारीक आणि पाणचट झालेला. याला रोपं कोलमडणं म्हणतात, मातीतली बुरशी देठ खाते. दाट पेरणी, सतत ओली माती, कोंडलेली हवा, आणि जुलैत मुंबईत ही तिन्ही घरबसल्या मिळतात. एकट्या जुलैत सांताक्रूझला सरासरी 800 मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो.

पडलेलं रोप उठत नाही. ती माती टाकून द्या, ट्रे उकळत्या पाण्याने धुवा. नवी रोपं नव्या कोकोपीटमध्ये, स्वयंपाकघराच्या खिडकीत करा. दोन बियांमध्ये निदान बोटभर जागा हवी. पाणी वरून न घालता ट्रे परातीतल्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून खालून पाजा, आणि वरचा थर सुकल्याशिवाय पुन्हा नाही. ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगट बुरशीला आवरणाऱ्या उपयोगी बुरशीची पावडर, कृषी सेवा केंद्रात मिळते, मातीत मिसळायला चांगली. मोठी झालेली रोपं गॅलरीत ठेवली तर वर पारदर्शक प्लास्टिक बांधा. निळी ताडपत्री पाऊस अडवते तसा उजेडही अडवते आणि पावसाळ्यात आधीच उजेडाचा दुष्काळ असतो.

गोगलगायींबद्दल मात्र कळकळीने सांगते. पावसाळ्यात मुंबईभर दिसते ती मुठीएवढी आफ्रिकन गोगलगाय नुसती पानं खाणारी नाही. तिच्या अंगात मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा कृमी असू शकतो. रात्री दहाच्या सुमारास टॉर्च घेऊन कुंड्यांच्या खाली, मागे बघा. हातमोजा घालूनच उचला आणि खारट पाण्याच्या बादलीत टाका. ज्या पानावर चकाकणारा चिकट माग दिसेल ते पान टाका. उरलेलं प्रत्येक पान सुटं करून, दोन्ही बाजूंनी, वाहत्या पाण्याखाली बोटाने चोळून धुवा. पानाच्या घडीत तांदळाएवढी पिल्लंही असतात. तळमजल्यावर, बागेत लावणाऱ्यांनी जुलै-ऑगस्टचं पान कच्चं खाऊच नये असं माझं मत आहे. डाळीत घालून शिजवा, छान लागतं.

प्रश्न : घरात एसी नाही. तरी मे महिन्यात लेट्यूस काढायचंच आहे. दिव्याखाली येईल का? (एक वाचक, विक्रोळी)

येईल, पण बोटभर. घरातली सगळ्यात गार जागा शोधा. आमच्याकडे ती मोरीच्या भिंतीलगतची आहे. तिथे रॅकवर ट्रे आणि वर वीतभर अंतरावर 20 वॅटच्या दोन पांढऱ्या एलईडी ट्यूब, रोज 12 ते 14 तास. 14 तास धरले तर महिन्याला साधारण 17 युनिट होतात, तो हिशेब आधी करा. बी फ्रिजमधून काढूनच पेरायचं. पंचविसाव्या दिवशी, पान चार बोटं झालं की कात्रीने कापा, खाली दोन बोटं खुंट ठेवला तर थंडीत पुन्हा फुटवा येतो. मे महिन्यात दुसऱ्या फुटव्याची वाट पाहू नका, तो कडू निघतो. नवा ट्रे लावा.

मी स्वतः मेपासून पाऊस येईपर्यंत दोनच ट्रे ठेवते. त्या दिवसांत गॅलरी मायाळूची असते. जितकं तापेल तितकी ती खूश. तिची कोवळी पानं धुऊन सँडविचमध्ये घालून पाहा, जराशी बुळबुळीत लागतात पण रसरशीत.

प्रश्न : घरचं बी धरता येतं का? (एक वाचक, दादर)

येतं, आणि धराच, कारण मुंबईच्या दमट हवेत विकतचं उघडं पाकीट पुढच्या वर्षी अर्धमेलं झालेलं असतं.

लेट्यूस झेंडू-शेवंतीच्या कुळातलं. छोटी पिवळी फुलं सकाळी काही तासच उघडतात आणि बहुतेक वेळा स्वतःच्याच परागाने बी धरतात, त्यामुळे दोन जाती शेजारी असल्या तरी फारशी भेसळ होत नाही. फूल मिटल्यावर दोनेक आठवड्यांनी तिथे पांढऱ्या म्हातारीचा झुबका दिसतो. एकेका म्हातारीला एक बी. वाऱ्याने उडायच्या आत दांडा कागदी पिशवीत वाकवून झटका. सगळी फुलं एकदम पिकत नाहीत, दोन-तीन दिवसांनी पुन्हा झटका. हे काम एप्रिल-मेमध्ये होतं. पाऊस आला तर बी दांड्यावरच काळं पडतं.

आता वडिलांची गोष्ट. ज्या कांद्याला आधी डेंगळा येई, त्याचं बी ते कधी धरत नसत. आपण नेमकं उलटं करतो. जे झाड पहिल्यांदा फुलावर जातं त्याचं बी आयतं मिळतं म्हणून ते ठेवतो, आणि दर वर्षी लवकर फुलणारीच झाडं वाढवत बसतो. मी थंडीत प्रत्येक खोक्यातल्या चांगल्या झाडाला लाल दोरा बांधते आणि त्याची पानं कमी तोडते. त्यातलं जे सगळ्यात शेवटी दांडा काढेल, त्याचंच बी घेते. ग्रँड रॅपिड्सचं असं धरलेलं बी माझ्याकडे सातव्या पिढीचं आहे. पहिल्या वर्षी ते फेब्रुवारीच्या शेवटी दांडा काढत होतं. यंदा गुढीपाडव्याला मी त्याची पानं ताटात वाढली, कडू नव्हती.

वाळलेलं बी कागदाच्या पुडीत, पुडी सिलिका जेलच्या दोन पाकिटांसह घट्ट झाकणाच्या बाटलीत, बाटली फ्रिजमध्ये. पुडीवर जात आणि वर्ष लिहा. एका ग्रॅममध्ये हजाराच्या आसपास बिया असतात, माझ्या गरजेपेक्षा खूपच जास्त. नवरात्राच्या आधी मासिकाच्या पत्त्यावर स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट पाठवा. पन्नास पुड्या बांधून ठेवल्या आहेत, प्रत्येकीत तीस-तीस बिया. ज्यांनी गॅलरीची दिशा लिहिली असेल, त्यांना आधी.